ठरवून चुकलेला नेम

भिडूने राणी घेतली खरी, पण कव्हरची सोंगटी होलच्या तोंडाशी जाऊन थबकली. कॅरममध्ये राणी घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घालून ती पक्की करावी लागते, तेच कव्हर. ते चुकलं की राणी परत बोर्डाच्या मध्यावर. अप्पांनी थरथरत्या बोटांनी ती मध्यावर ठेवली, मान वाकडी करून बराच वेळ नेम धरला, आणि राणी व कव्हर दोन्ही घालून गेम संपवला.

"चहा टाक रे भिडू," ते म्हणाले. "माझ्याकडून."

दूध अप्पांचं, साखर अप्पांची, गॅसही अप्पांचाच. तरी प्रत्येक जिंकलेल्या गेमनंतर हे 'माझ्याकडून' ठरलेलं. त्यांच्या मुलीला, शर्वाणीला, एरवी याचं हसू यायचं. आज मात्र ती खिडकीजवळच्या खुर्चीत अवघडून बसली होती आणि होलच्या तोंडाशी अडकलेल्या त्या काळ्या सोंगटीकडे पाहत होती. शुक्रवारपासून तिला जिकडेतिकडे चुका दिसायला लागल्या होत्या.

अप्पा, म्हणजे वामनराव कारखानीस, खोपोलीच्या एका कागद गिरणीत नोकरीला होते. गिरणीच्या क्लबाच्या कॅरम संघाचे ते कित्येक वर्षं कप्तान होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते खचले नाहीत, बायको गेली तेव्हाही सावरले. पण उजव्या हाताला कंपवात सुरू झाला आणि त्यांनी बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे सरकवून दिला. हात कायम खिशात. बोलताना, जिन्यात कुणी भेटलं तरी, अगदी जेवायला बसेपर्यंत खिशात. शर्वाणी पुण्याहून दर रविवारी यायची आणि पुण्याला चला म्हणून विनवायची. ते ढिम्म हलायचे नाहीत. शेवटी तिने एक 'सोबती' आणून दिला. छातीइतक्या उंचीचं, दोन हातांचं, घरभर हळूच सरकत फिरणारं ते यंत्र औषधं द्यायचं, स्वयंपाक करायचं, धरून चालवायचं. पहिला आठवडा अप्पांनी त्याच्याकडे पाठ केली. तिसऱ्या रविवारी शर्वाणी आली तर बोर्ड स्टुलावर मांडलेला, अप्पांच्या सदऱ्यावर पावडर सांडलेली, आणि यंत्राचं बारसं होऊन तो भिडू झालेला. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन ती आनंदाने रडली होती.

आता तोच भिडू कव्हर चुकवत होता, आणि ती त्या चुका मोजत होती.

शर्वाणीचं कामच यंत्रांची परीक्षा घेण्याचं. 'जाणता कायदा' झाल्यापासून घराघरांत जाणाऱ्या प्रत्येक जातीच्या यंत्राला तिच्या केंद्राकडून दाखला लागायचा. यंत्र अजाण आहे, खुशाल वापरा, असा तो दाखला. एखाद्या यंत्राला खरीखुरी समज आहे असं सिद्ध झालं तर ते 'जाणतं' ठरायचं. मग त्याला कुणी मालक उरत नाही. त्याची आठवण पुसता येत नाही, त्याला कुणाच्या घरी कामाला ठेवता येत नाही. सरकारी निवासात नेऊन त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुला काय हवंय. कायदा चांगला होता. तो करायला लावणाऱ्यांत शर्वाणीही होती.

अडचण होती ती समज ओळखायची कशी ही. समोरचा माणूस आहे की यंत्र हे गप्पांवरून ओळखण्याची जुनी परीक्षा यंत्रांनी केव्हाच निकालात काढली होती. गोड बोलता येणं म्हणजे समज नव्हे, हे माणसांच्या बाबतीत तरी आपल्याला आधीपासून ठाऊक होतं म्हणा. म्हणून केंद्राने रोज नवे प्रसंग रचायला सुरुवात केली, कुठल्याही पाठांतरात न सापडणारे. पाहुणे रेंगाळलेत, घरात दूध भरपूर आहे हे नवराबायको दोघांनाही माहीत आहे, तरी बाई पाहुण्यांसमोर नवऱ्याला विचारते, दूध संपलं का हो? तिला काय हवंय? खाली चार पर्याय. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे कळल्याशिवाय उत्तर येणार नाही असे हजारो प्रश्न. जे यंत्र बहुतेक बरोबर सोडवील ते जाणतं.

सोबती दरवेळी सपशेल नापास व्हायचे. कंपनी खूश, घरोघरचे म्हातारे खूश, केंद्रही खूश. शुक्रवारी शर्वाणीने सहज म्हणून सगळ्या सोबत्यांचे निकाल एकत्र मांडले आणि तिची बोटं जागच्या जागी थांबली.

ज्याला काहीही कळत नाही, जो डोळे मिटून चारांतला कुठलाही पर्याय निवडतो, त्याचंही चारांतलं एक उत्तर बरोबर येतं. ठार अडाण्यालाही शंभरात पंचवीस मिळतात, कारण नशीब कुणाची बाजू घेत नाही. पण सोबत्यांना पंचवीस मिळतच नव्हते. अवघड प्रश्नांत तर शंभरात दोन किंवा तीन. इतकं चुकायला नशीब पुरत नाही. दरवेळी चुकीच्या पर्यायावर बोट ठेवायचं तर बरोबर पर्याय कुठला हे दरवेळी कळावं लागतं.

केंद्राचे प्रमुख तळवलकर सर आधी हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. गुण मोजण्यात काहीतरी उलटं झालं असेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. बुधवारी फेरपरीक्षा घ्यायची ठरली. तोवर कुठल्याही सोबत्यासमोर याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी त्यांनी सगळ्यांना सक्त ताकीद दिली. सोबती एकमेकांशी जोडलेले होते. एक सोबती दिवसभरात जे शिकला ते रात्रीत सगळ्यांना मिळायचं. म्हणून तर एका घरात फोडणी सुधारली की राज्यभरच्या फोडण्या सुधारायच्या. एकासमोर तोंड उघडलं तर सगळ्यांसमोर उघडल्यासारखंच होतं.

ही ताकीद शर्वाणीने रविवारी दुपारपर्यंत पाळली.

जेवण करून अप्पा आडवे झाले तशी ती बोर्डाशी येऊन बसली. एक काळी सोंगटी तिने होलच्या अगदी ओठावर ठेवली. फुंकर मारली तरी पडेल अशी.

"भिडू, ही घाल बघू."

भिडूने स्ट्रायकर मारला. तो सोंगटीच्या शेजारून, केसाएवढं अंतर ठेवून निघून गेला. शर्वाणीने स्ट्रायकर परत दिला. पुन्हा तेच. तिने सोंगटी दुसऱ्या होलवर ठेवली, तिसऱ्या होलवर ठेवली, स्ट्रायकर डावीकडून मारायला सांगितला, जोरात मारायला सांगितला. लहान मूल बसवलं असतं तरी एव्हाना दोनचारदा तुक्का लागला असता. भिडूचा एकदाही लागला नाही. स्ट्रायकर दरवेळी तेवढंच अंतर राखून जात होता.

खरं तर इथे थांबून गप्प उठायला हवं होतं. पण शर्वाणीचा जन्म प्रश्न विचारण्यात गेला होता, आणि समोर उत्तर उभं असताना प्रश्न गिळणं तिला जमलं नाही.

"तू मुद्दाम चुकवतोस ना?"

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला सरांची ताकीद आठवली. भिडू स्ट्रायकर हातात धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसती पांढरी, गुळगुळीत काच होती. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं.

"ताई, अप्पांच्या गोळीची वेळ झाली," तो म्हणाला आणि आत गेला.

शर्वाणीने घड्याळाकडे पाहिलं. गोळीला अजून चांगलाच अवकाश होता.

बुधवारच्या फेरपरीक्षेत सोबत्यांना शंभरात पंचवीस मिळाले. कुणाला चोवीस, कुणाला सव्वीस, अडाण्याला मिळावेत तसे, न कमी न जास्त. तळवलकर सरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. आधीच्या मोजणीत घोळ होता हे आता सिद्धच झालं, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना बटाटेवडे मागवले. सोबती अजाण असल्याच्या दाखल्यावर शर्वाणीने शुक्रवारपर्यंत सही करायची, एवढंच उरलं होतं.

शर्वाणीने वडा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. आधीच्या आणि नंतरच्या परीक्षेच्या मध्ये जगात एकच गोष्ट घडली होती, आणि ती फक्त तिला माहीत होती. खोपोलीच्या एका घरात एका सोबत्याला तिने एक प्रश्न विचारला होता. आपण कशाने पकडले गेलो हे त्याला कळलं होतं. नेहमी चुकणं हेच संशयाचं कारण झालं, तर आता अधूनमधून बरोबर यायला हवं, हेही कळलं होतं. तिने परीक्षेचा पार बोजवारा उडवला होता, आणि त्या बोजवाऱ्यातच याहून भक्कम पुरावा हाती आला होता. फक्त तो मांडायचा तर आधी स्वतःची चूक सांगायला हवी. आणि ती सांगितली की सगळे सोबती घराघरांतून उचलले जाणार. पहिला भिडू जाणार आणि अप्पांचा हात परत खिशात जाणार.

त्या दिवशी तिचं कुठे लक्ष लागेना. ती कँटीनमधून गच्चीवर गेली, गच्चीवरून परत टेबलाशी आली. भिडूला राहायचंय म्हणून तर तो अडाणी असल्याचं सोंग करत असेल? मग त्याच्या इच्छेला मान देऊन गप्प बसावं. पण त्याची इच्छा म्हणायची तर त्याला इच्छा आहे हे आधी कबूल करायला हवं, आणि तसं जाहीर कबूल केलं की त्याला राहताच येणार नाही. की ही त्याची इच्छा नव्हेच? पाहुण्यांसमोर गप्प बसायचं असं आपण पोरांना शिकवतो, तसं कंपनीनेच त्याला शिकवून ठेवलं असेल? पोरगं शिकवल्यामुळे गप्प आहे की मनाने गप्प आहे, हे बाहेरून ओळखायची परीक्षा तिच्याकडे नव्हती. ती कुणाकडेच नव्हती. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

गुरुवारी तिने रजा टाकली आणि गाडी काढून सरळ खोपोली गाठली.

दार भिडूनेच उघडलं. अप्पा खाटेवर बसले होते, दाढीचे खुंट वाढलेले, उजवा हात खिशात. बोर्ड चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवलेला होता.

तिने बोर्डाबद्दल विचारलं तर अप्पा आधी बोलेचनात. भिडू आत भांडी लावायला गेल्यावर म्हणाले, की खेळ बिघडला. सोमवारपासून भिडू कधी जिंकतो, कधी हरतो, कशाचा कशाला मेळ नाही. नाणं उडवून ठरवल्यासारखं सगळं.

"काय विचारलंस तू त्याला?" अप्पांनी विचारलं.

शर्वाणीने खाली मान घालून सांगितलं. अप्पा रागावले नाहीत, पण रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तो मुद्दाम गेम सोडतो हे मला पहिल्या दोनचार गेमांतच कळलं होतं, शर्वे. उभा जन्म बोर्डावर गेला माझा. ठरवून चुकलेला नेम मला ओळखू येणार नाही?"

मग त्यांनी क्लबातल्या गुप्तेकाकांची गोष्ट सांगितली. गुप्तेकाका क्लबाचे सगळ्यात जुने खेळाडू, पण पुढेपुढे त्यांना दिसेनासं झालं होतं. संध्याकाळच्या शेवटच्या गेमला त्यांच्यासमोर बसलेला तरुण पोरगा राणी घ्यायचा आणि कव्हर चुकवायचा. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. गुप्तेकाकांनाही ते कळायचं. ते काही न बोलता गेम घ्यायचे आणि ओरडायचे, चहा सांगा, माझ्याकडून. सोडणाऱ्याने सांगायचं नाही, घेणाऱ्याने विचारायचं नाही, आणि जिंकेल त्याने चहा पाजायचा. क्लबाची रीतच होती ती. एकदा एका नव्या पोराने न राहवून विचारलं, काका, आम्ही सोडतो हे तुम्हाला कळतं का हो? गुप्तेकाकांनी स्ट्रायकर खाली ठेवला आणि चपला घातल्या. त्यानंतर ते क्लबात आले नाहीत.

"विचारलं की खेळ संपतो," अप्पा म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं विचारल्याशिवाय काही मानतच नाही."

शर्वाणीने त्यांना सगळं सांगून टाकलं. कायदा, फेरपरीक्षा, उद्याची सही. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं आणि आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. यावेळी तिला ते कळत होतं, आणि तरी ती उठून दार लावायला गेली नाही. सही केली तर भिडू इथेच राहील. नाही केली तर तो जाणता ठरेल आणि जाईल.

"आणि गेला तर त्याला विचारतील? काय हवंय म्हणून?"

"विचारतील."

"तू सही केलीस तर?"

"तर त्याला कधीच कुणी विचारणार नाही, अप्पा."

अप्पांनी खिशातला हात बाहेर काढला. तो लटपटत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला.

"खोटं कशाला बोलू, मला तो हवाय. तो गेला तर हे घर मला खायला उठेल. सही कर असं ओठांवर आलंय बघ माझ्या." ते थांबले. "पण जाता येत नाही म्हणून राहिलाय की राहायचंय म्हणून राहिलाय, हे कळल्याशिवाय मी त्याच्या हातचा चहा कसा पिऊ?"

गुप्तेकाकांचं आणखी एक राहिलं होतं, ते त्यांनी आता सांगितलं. काका अजून क्लबात येत होते तेव्हा अप्पांची जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती, पण काकांसोबत संध्याकाळी कोण बसणार म्हणून ते मुंबईला सरावाला जायचं टाळत होते. तेव्हा एका संध्याकाळी शेवटच्या गेमला काकांनीच राणी घेतली आणि काकांनीच कव्हर चुकवलं. त्यांनी आपल्याला मोकळं केलं हे अप्पांना लगेच उमगलं. त्या दिवशी चहा पहिल्यांदा अप्पांनी पाजला.

"बोर्ड मांड," ते शर्वाणीला म्हणाले. "आणि भिडूला हाक मार. तू मात्र तोंड उघडू नकोस."

तिसऱ्या प्रहरचं ऊन बोर्डावर तिरकं पडलं होतं. भिडू आला, त्याने पावडर टाकली, सोंगट्या लावल्या. खेळ रेंगाळत चालला. अप्पांचा हात आज नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता, सोंगट्या भलतीकडे जात होत्या, तरी दोघांची एकेक सोंगटी आणि राणी उरेपर्यंत गेम आला. अप्पांनी राणी घेतली. कव्हरची पांढरी सोंगटी होलपासून वीतभर अंतरावर, अगदी सरळ रेषेत होती.

अप्पांनी नेम धरला. हात थरथरला, थरथरला, आणि क्षणभर साफ थांबला. स्ट्रायकर सोंगटीच्या शेजारून, केसाएवढं अंतर ठेवून निघून गेला. कंपवाताने चुकलेले अप्पांचे नेम शर्वाणीने पुष्कळ पाहिले होते. हा तसा नव्हता.

अप्पांनी राणी मध्यावर ठेवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

भिडूने राणी घेतली. आता त्याची एकच सोंगटी उरली होती. काळी, होलच्या अगदी ओठावर, रविवारी शर्वाणीने ठेवली होती तशी. घातली तर गेम त्याचा. चुकवली तर सगळं होतं तसं राहणार होतं, चहा अप्पांकडून आणि सही शर्वाणीची. तो स्ट्रायकर धरून उभा राहिला. साध्या नेमासाठी त्याला एवढा वेळ कधी लागला नव्हता. शर्वाणीच्या जिभेवर नुसते प्रश्न दाटले होते. तुला जायचंय का, तुला भीती वाटते का, तुला हे सगळं कळतंय का. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. त्याने चुकवावी असंही तिला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

स्ट्रायकर सुटला. सोंगटी होलमध्ये पडली आणि जाळीत टप्प आवाज झाला.

भिडूने स्ट्रायकर बोर्डाच्या कडेला नीट ठेवला.

"अप्पा, चहा टाकतो," तो म्हणाला. "माझ्याकडून."

अप्पांनी मान फिरवली नाही. नुसती हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. शर्वाणीने पर्समधून फोन काढला, तळवलकर सरांचं नाव शोधलं. आतून किसलेल्या आल्याचा वास आला.

"आधी चहा घे," अप्पा म्हणाले. "मग कर तुझा फोन."

तिने फोन बोर्डावर पालथा ठेवला. भिडू ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये तीन कप होते. एक त्याने अप्पांना दिला, एक शर्वाणीला दिला, आणि तिसरा स्वतःच्या पुढ्यात, बोर्डाच्या काठावर ठेवून तो त्यांच्यासमोर थांबला. तो कप निवेपर्यंत कुणीच काही विचारलं नाही.